उघड्या छपराखालची खाट

मिस्त्री पहाटे साडेचारला उठायचा आणि तोंड धुण्याआधी रेडिओ लावायचा. गाण्यांशी, बातम्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. हवामानाचा अंदाज ऐकला की बटण बंद. झाडांना पालवी फुटायच्या दिवसांत आमच्या सपाट मुलखात अंदाज रोज एकच असतो : दुपारनंतर तुरळक ठिकाणी गडगडाटासह पावसाची शक्यता. लोक हसतात. मिस्त्री हसत नसे. "तुरळक ठिकाण म्हणजे मी आज उघडणार ते छप्पर," एवढंच म्हणायचा.

त्याच्या हाताखाली पत्रे चढवण्यात माझी उमर गेली. माणूस गोड नव्हता. हुक वाकडा बसला तर पुन्हा काढायला लावायचा आणि निघेपर्यंत डोक्यावर उभा राहायचा. त्याचे नियम दोनच. जुना पत्रा काढला की त्या जागी नवा घट्ट बसल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. आणि गडगडलं, कितीही लांब का असेना, की खाली उतरायचं. पहिल्या नियमाने मेहनत दुप्पट व्हायची. प्रत्येक पत्र्यामागे शिडी वर, शिडी खाली. दुसऱ्या टोळ्या सकाळी सगळं छप्पर सोलून संध्याकाळपर्यंत नवं टाकत. गिऱ्हाइकं तिकडे जात. मीही त्याला तोंडावर शिव्या घातल्या आहेत.

मग मेहुण्याच्या घराचं काम आलं. हा वहिनीचा, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा भाऊ. कापडाचा व्यापारी. लग्नात चारचौघांत म्हणाला होता, पत्रे ठोकणाऱ्याला बहीण दिली, चला, घर गळलं तर कामाला येईल. तेव्हापासून दोघे एकमेकांशी थेट बोलत नव्हते. समोरासमोर बसूनही तिसऱ्याला निरोप देत. मिस्त्री हे काम घेणारच नव्हता. पण सासूबाई मांडीचं हाड मोडून मधल्या खोलीत पडून होत्या, कमरेपासून प्लास्टर, आणि छप्पर नेमकं त्यांच्यावरच गळत होतं. वहिनीने जेवण सोडलं, तेव्हा मिस्त्री तयार झाला.

पहिल्या दिवशी पुढची खोली झाली. दुसऱ्या सकाळी मिस्त्री मला म्हणाला, त्याला सांग, आईला पुढच्या खोलीत हलव. मेहुणा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तोही मलाच म्हणाला, पुढच्या खोलीत माझे कापडाचे गठ्ठे आहेत. आणि ह्यांची एक काढून एक टाकायची पद्धत आहे ना, मग तिला कशाला हलवायचं? की मजुरीचा दिवस वाढवायचं सोंग आहे ते?

मिस्त्रीने सासूबाईंवर ताडपत्री ताणली आणि वर चढला.

जेवायच्या सुट्टीत आम्ही घरी गेलो. परत आलो तर मधल्या खोलीचा एकही जुना पत्रा जागेवर नव्हता. मेहुण्याने नाक्यावरून दोन माणसं आणून सगळे उतरवून भिंतीला लावले होते आणि माणसांना वाटेला लावलं होतं. म्हणाला, अर्धं काम मी करून दिलं, आता पटापट टाका.  मिस्त्रीने पत्र्यांकडे पाहिलंच नाही. पश्चिमेला पाहिलं. सपाट मुलखात ढग लांबून दिसतो, पण दिसल्यावर फार वेळ देत नाही. वारा पडला होता. मग गडगडलं.

"चढा की," मेहुणा म्हणाला. "की आजपण उतरायचंच?"

मी शिडीला हात घातला. मिस्त्रीने माझा हात झटकला. सासूबाई ताडपत्रीखालून म्हणाल्या, जावईबापू, पत्र्याचं काम करता आणि मला आभाळाखाली झोपवता? ताडपत्रीचं एक टोक अचानक सुटलेल्या वाऱ्याने तेवढ्यात सोडवून नेलं होतं.

मिस्त्री वळला आणि मेहुण्याच्या छातीला छाती लावून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलला.

"गठ्ठे बाहेर काढ."

"बाहेर अंगण आहे. भिजतील."

"मग आई भिजू दे. बोल तसं."

 मेहुणा स्वतःच धावला आणि गठ्ठे अंगणात फेकू लागला. मी मदत केली. पहिले थेंब त्या कापडावर पडले, हे मी पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही.

खाट लोखंडी होती. डोक्याकडून मिस्त्रीने धरली, पायाकडून मेहुण्याने. दार अरुंद. हा म्हणतो तिरकी कर, तो म्हणतो आधी तुमची बाजू उचला. खाट चौकटीत अडकली, सासूबाई कळवळल्या.

"मी अजून जिवंत आहे," त्या दात आवळून म्हणाल्या. "खांदा नंतर द्या. आत्ता नुसतं उचला."

दोघांनी एकदम उचललं. खाट आत गेली. मागे मधल्या खोलीत पाणी कोसळत होतं. नव्या पत्र्यावर एवढा आवाज होता की कुणाला कुणाची शिवी ऐकू येत नव्हती. बरंच झालं. अर्ध्या तासात सगळं थांबलं. पलीकडच्या गल्लीत जमीन कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी गडगडाट नव्हता. आम्ही मधली खोली पूर्ण केली, मग मागची. मेहुणा भिजलेलं कापड दोरीवर टाकत होता. वर पाहिलं नाही, आभार मानले नाहीत, चूक कबूल केली नाही. मिस्त्रीनेही मजुरीत काही सोडलं नाही. पैसे घेताना मला म्हणाला, त्याला सांग, पोचले.

त्याच संध्याकाळी तो जुन्या सामानाच्या बाजारात गेला आणि दवाखान्यातून निघालेली एक चाकांची खाट घेऊन मेहुण्याच्या दारात लावून आला. वहिनीचे डोळे भरले. तिला वाटलं, राग गेला.

"राग कसला जातोय," मिस्त्री म्हणाला. "पुन्हा त्याच्याबरोबर खाट उचलायला लागू नये, म्हणून घेतली."

त्या छपराची सगळी मजुरी त्या खाटेत गेली.