उपाशी ठेवायच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत मावशींचं काम म्हणजे पेशी सांभाळणं. चपट्या, झाकणाच्या बश्यांत माणसाच्या पेशी वाढतात. त्यांच्या खाण्याचं गुलाबी पाणी शिळं होऊन पिवळं पडलं की ते काढून ताजं घालायचं. पेशींना सुट्टी कळत नाही, त्यामुळे मावशींनाही ती कधी कळली नाही. लग्नकार्यातूनही त्या मधेच उठायच्या. नणंद टोमणा मारायची, "घरी तान्हं बाळ ठेवून आलात वाटतं?"

"एक नाही, लाखो," मावशी म्हणायच्या. यात अतिशयोक्ती नव्हती.

पीएच.डी. करणारी एक मुलगी केंद्रिकेवर काम करत होती. पेशीच्या केंद्रकात सूक्ष्मदर्शकातून एक गडद ठिपका दिसतो, ती केंद्रिका. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांचा हा कारखाना. खाणंपिणं मुबलक असलं की तो फुगतो आणि पेशी वाढते. उपासमार झाली की केंद्रिका अंग चोरून बसते आणि पेशी कशीबशी तगते. पण केंद्रिकाच मोडली, तर पेशी तो निरोप समजते आणि आपणहून गाशा गुंडाळते. तगणारी कुठे थांबते आणि मरणारी कुठे वळते, एवढंच मुलीला शोधायचं होतं. एवढ्याशा प्रश्नात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

पेशी होत्या एका रुग्ण बाईच्या. ती बाई कधीच गेली होती, आणि गोठवून ठेवलेल्या पेशींची ही शेवटची कुपी. अशा पेशी ठरावीक वेळाच विभागतात, मग थकतात; या थकायला आल्या होत्या. पुन्हा प्रयोग करायला काही उरणार नव्हतं.

"माय मरो आणि मावशी जगो," मुलगी बश्या उबदार कपाटात ठेवत म्हणाली. "पण मावशी, या उपाशी ठेवायच्यात. मी गावाहून येईपर्यंत हात लावायचा नाही."

"पाहुण्यांना घरी आणायचं आणि उपाशी ठेवायचं? हे बरंय तुझं."

"विज्ञान आहे ते."

"आमच्यात त्याला कंजूषपणा म्हणतात."

दोघी हसल्या. मुलगी गेली.

सुट्टीच्या दिवशी इमारतीत पहाऱ्याचा माणूस आणि मावशी, दोघंच. मावशींनी बाकीच्या बश्यांचं सगळं केलं आणि सहज उपाशी बश्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पेशी काटकुळ्या झाल्या होत्या. काही तळ सोडून, गोल होऊन तरंगत होत्या. म्हणजे त्या संपल्या होत्या. मावशींनी बश्या परत ठेवून कपाट बंद केलं. मग पुन्हा उघडलं.

मुलगी परतली, तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मावशी, यांना काही घातलंत?"

"थोडंसंच ग. चिमणीच्या घोटाएवढं."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस." मावशींनी हातमोजे काढले. "माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर म्हणाले, तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. ती आपलं बोट तोंडाकडे न्यायची. तेव्हा मी ऐकलं होतं."

मुलगी खुर्चीवरून उठली. "बघा तरी."

मावशींनी पाहिलं. जगल्यावाचलेल्या पेशी ऐसपैस पसरल्या होत्या. प्रत्येकीच्या केंद्रकात ठिपका टपोरा फुगला होता.

"अगं, किती छान बाळसं धरलंय यांनी!" त्यांच्या तोंडून गेलं, आणि मग त्यांना कळलं.

"हो," मुलगी म्हणाली. "छानच झाल्यात."

टाकायच्या बश्यांत ब्लीच ओततात. ते कामही मावशींचंच. "द्या, मी करते," मुलगी म्हणाली. मावशींनी बाटली सोडली नाही. ब्लीच पडताच गुलाबी रंग क्षणभर गडद झाला, मग सगळं साध्या पाण्यासारखं दिसायला लागलं.

मुलीने प्रबंध अर्धवट सोडला. हल्ली ती एका कंपनीत औषधं विकते आणि पगार आमच्या सगळ्यांपेक्षा बरा आहे. मार्गदर्शक सरांना तिने एवढंच सांगितलं की पेशी थकल्या. मावशींचं नाव कुठेच आलं नाही.

"कार्टीने मला चार शब्द तरी सुनावायचे," मावशी अजून म्हणतात. "मी भांडले असते, रडले असते. हे असं गप्प जाणं बरं का?"

उत्तराची वाट न पाहता त्या दुसरी बशी उघडतात.