पाच झडपांची पेटी

पत्रक लिहून तयार होतं. "साहेबाला चहा मागवायला पाच तारा, मालेच्या माणसाला डॉक्टर बोलवायला एकही नाही!" पुण्यात कॉलेजात असताना पत्रकं लिहायला माझा हात बसला होता, आणि राग ताजा होता. त्याच पावसाळ्यात माझ्या काकांना भाताच्या खाचरात पान लागलं, साप चावला. माणूस निरोप घेऊन तालुक्याला, पौडला पायी गेला. डॉक्टर आले तेव्हा काका उरले नव्हते. माले या आमच्या गावाला एक फोन द्या, एवढाच आमचा अर्ज. त्यावर पौडच्या कचेरीतले साहेब म्हणाले होते, "शेळ्या-मेंढ्यांच्या गावात फोन करणार कोण, आणि कुणाला?"

त्या पाच तारा मला सापडल्या गावाबाहेरच्या जुन्या बंगल्यात. इंग्रजांच्या वेळी घाटरस्त्यासाठी दगडाची खाण चालायची, तिचा साहेब तिथं राहायचा. आता माझी आत्या तिथं पेंढा भरायची. पेंढा उपसताना भिंतीवर शिसवी पेटी दिसली. कानाला लावायचा कर्णा, बाजूला फिरवायचा दांडा, समोर पाच बटणं, प्रत्येकावर एक पितळी झडप, आणि सगळ्यांच्या खाली एक मोठं लाल बटण.

"हे स्वयंपाक्याचं, हे माळ्याचं, हे घोडेवाल्याचं," पत्रक लिहून झाल्यावर आत्याला पेटी दाखवताना मी तिरसटून मोजत होते. आत्यानं एका झडपेखाली बोट घातलं. खट! झडप खाली पडली.

मी पेटीची पाठ उघडली. झडपांच्या खिट्या बाहेरून येणाऱ्या तारांना जोडलेल्या होत्या. म्हणजे पलीकडून कुणी घंटी दिली, की झडप आपोआप पडणार.

"म्हंजी नोकरांनी सायबाला हाक मारायची व्हय?" आत्या म्हणाली. "लई गरीब सायब हुता गं तुजा!"

पत्रकातली ओळ तिथंच लंगडी पडली. आणखी एक गोष्ट दिसली. लाल बटणाची तार पाचही तारांना मिळत होती. एकदम पाच ठिकाणी घंटी? चहासाठी?

आम्ही बाहेर पडलो. तारा कधीच गेल्या होत्या, पण लोखंडी खांब उभे होते. ते नोकरांच्या खोल्यांकडे गेलेच नव्हते. खाणीला वळसा घालून, कुणाच्या बांधावरून, कुणाच्या गोठ्यामागून, ते डोंगराला चढत होते. पहिल्या वाडीच्या वरच्या टेकाडावर दगडी चौथऱ्यापाशी एक खांब संपला, आणि आत्या थबकली.

"हितं त्यो लाल फडकंवाला बसायचा. मी परकरात हुते तवा. आमाला शेरडांसकट रानातनं हुसकायचा, मग खोपीत जाऊन घंटी फिरवायचा. आमी म्हनायचो, सायबाचं गवत राखतोय मुडदा. लई शिव्या दिल्यात त्याला."

"आणि मग?"

"मग काय, खाणीत सुरुंग उडायचा." तिनं खाली खाणीकडे पाहिलं. "आगं बया."

दोघी चौथऱ्यावर बसलो. बाकीचे खांबही तसेच, एकेका वाडीच्या माथ्यावर गेलेले दिसत होते. लाल बटण दाबलं की पाची टेकाडांवर घंटी. पाच माणसं रान रिकामं करणार, मग एकेक घंटी उलटी येणार. खट. खट. पाचवी झडप पडेपर्यंत सुरुंगाची वात पेटवायची नाही. एका पोरीची शेरडं वाटेत आहेत का, हे विचारायला कुणीतरी डोंगरभर खांब पुरले होते! ज्या राज्याला मी उठता-बसता शिव्या घालते, त्याच्या भिंतीवर ही पेटी होती. शिव्या मी आजही घालते, पण त्या पेटीपुढं माझा आवाज बसला.

पत्रक फाडलं. नवं लिहायला घेतलं तर आत्या म्हणाली, "कागुद कशाला? पेटीच न्यू."

एस.टी.त आत्या पेटी मांडीवर धरून बसली, पौडला साहेबांच्या टेबलावर तिनंच ठेवली. काय ते मी सांगितलं. सुरुंगाचं, टेकाडांचं, शेवटी काकांचं.

आत्यानं एकेक करून चार झडपा पाडल्या. पाचवीला हात लावला नाही.

"चार वाड्यांचा होकार आला, सायेब. पाचवा तुमचा."

साहेब हसले नाहीत. पाचवी झडप त्यांनी बोटानं पाडली, आणि आमचा अर्ज पुढं ओढला.