तोंडी विचारायचं राहून गेलं

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, शिशाच्या जाड दाराआड, ती एकवीस वर्षं किरणोत्सारी औषधाची सुई देत होती. नाव, वजन, डोस, सगळं दोनदा तपासायची, म्हणून सगळे तिला दोनदाताई म्हणत.

त्या दिवशी औषध उशिरा आलं. त्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, ते कुणासाठी थांबत नाही. बाकावर माणसं ताटकळलेली. हाडांच्या तपासणीला आलेल्या एका तरुण बाईचा फॉर्म तिने घाईत चाळला. ‘बाळाला अंगावर पाजता का?’ याच्यापुढे ‘नाही’ होतं. तिने सुई दिली. फोटो तीन तासांनी काढायचे होते.

“पाणी भरपूर प्या आणि इथेच बसा.”

पुढची सुई भरताना मात्र तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. त्या बाईच्या ओढणीवर छातीशी ओला डाग होता, हे तिला आता आठवलं. तिने हातातलं काम सहकाऱ्याकडे दिलं आणि बाहेर आली. बाक रिकामा होता. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वाहनतळावर पोचली.

गाडीच्या मागच्या सीटवर ती बाई बाळाला पाजत होती. शेजारी सासू.

“अहो, तुम्ही फॉर्मवर ‘नाही’ असं लिहिलंत ना?” तिला धाप लागली होती.

बाईने सासूकडे पाहिलं. सासूची मान खाली गेली. “मी लिहिलं. तपासणी पुढे ढकलली असती. दोन महिने पाठीने हैराण आहे पोर.”

डॉक्टरांनी हिशेब केला. दुधातून गेलेलं अगदी थोडं होतं, बाळाला धोका नव्हता. आजचा दिवस दूध काढून टाकायचं आणि आईच्या अंगातून किरण निघत असतात म्हणून बाळ आजीच्या मांडीवर ठेवायचं.

“फॉर्मवर त्यांची सही आहे,” डॉक्टर तिला म्हणाले. “तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?”

“सुई माझ्या हातची होती,” ती म्हणाली, आणि चूक नोंदवून आली.

घरी तिला बसवेना. नवरा म्हणाला, “धोका नाही म्हणालेत ना?”

“म्हणालेत.” आणि ती पुन्हा उठली.

सकाळी तिने फोन केला. “आईकडे जायला आकांत केला त्याने,” सासू म्हणाली. “आता पितोय.” पाठीच्या मणक्याला बारीक चीर निघाली होती, भरून येण्यासारखी.

पुढच्या महिन्यापासून तो प्रश्न सुई देणाऱ्यानेच तोंडी विचारायचा, असा नियम झाला. ती मात्र उत्तर मिळाल्यावरही क्षणभर ओढणीकडे बघते.