रेघेच्या वरचं नाव

लग्नपत्रिकेची यादी पूर्वी वहीच्या फाडलेल्या पानावर यायची. घरातला कुणी तरी जाणता माणूस ते पान चौघडी करून खिशात घालून आणायचा आणि आमच्या छापखान्याच्या टेबलावर ठेवून हातानं सपाट करायचा. पानावर सगळ्यात वर गेलेल्यांची नावं. मग एक आडवी रेघ. रेघेखाली जिवंत माणसं, वयाप्रमाणं, मानाप्रमाणं आणि त्या वर्षीच्या भांडणाप्रमाणं.

ती रेघ मारायला कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. लिंगायत घरचं कार्ड असलं तर रेघेच्या वरच्यांना आम्ही 'लिंगैक्य' लावायचो, मराठ्यांचं असलं तर 'कैलासवासी'. रेघ मात्र सगळ्यांची सारखी. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, असं दोन्ही भाषांत कार्ड छापावं लागे, कारण नवरी निंबर्ग्याची तर नवरा उमरग्याकडचा. एक आजोबा एका बाजूला मेलेले आणि दुसऱ्या बाजूला जिवंत, असं कधी होऊ दिलं नाही. एवढ्या वर्षांत एवढी एकच गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. निदान परवापर्यंत सांगू शकत होतो.

मी मूळचा जनवाड्याचा. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण मास्तरांनी अडवलं नाही, तेव्हा दोघांच्या संमतीनं सुटली म्हणायला हरकत नाही. वडील गेले होते, शेत एका माणसापुरतं होतं आणि आम्ही भाऊ दोन होतो. अण्णा थोरला, तो राहिला. माझ्याबद्दल मास्तरांनी आईला सांगितलं, पोराचं अक्षर तेवढं चांगलं हाय. बाकीच्या विषयांबद्दल ते काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. त्या अक्षराच्या भांडवलावर मी तीन बस बदलून कर्नाटकातल्या आळंदला ह्या छापखान्यात आलो. आता जनवाडा मोटारीनं चार तासांवर आहे म्हणतात. मला ते अजून तीन बस लांबच वाटतं.

छापखान्याचे मालक, त्यांना सगळे अप्पा म्हणत, कन्नड बोलायचे, उर्दूत हिशेब करायचे आणि रागावले की मराठी बोलायचे. अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचायला त्यांनी मला शिकवलं. त्यांचा एकच नियम होता, गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय एक कानासुद्धा हलवायचा नाही. चूक दिसली तर विचारायचं. गिऱ्हाईक म्हणालं तसंच राहू दे, तर तसंच छापायचं. त्यांना पोरगा नसल्यामुळं पुढं दुकान माझ्याकडं आलं. मी ते अजूनही त्यांचंच समजतो. कुणी मालक म्हणून हाक मारली की मी मागं वळून बघतो.

मग खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आला. पहिले काही महिने मी हात धुऊन त्याच्यापुढं बसायचो. न जाणो, शाई लागली तर बंद पडायचा. तो बंद पडायचाच, पण शाईमुळं नाही. एखादं काम नीट झालं की मी हळूच "बरं झालं बाबा" म्हणायचो, आणि कॉम्प्युटर शिकवायला येणारा मास्तर माझ्याकडं बघायचा. हळूहळू जमलं. जमलं तेवढ्यात ते जुनं झालं. नवं आलं, तेही जमवलं, तर तेही जुनं झालं. शेवटी सून आली. ती बी.कॉम. आहे, आणि जे शिकायला मला एक पावसाळा लागायचा ते ती चहा निवेपर्यंत शिकते. आता कॉम्प्युटरपुढं ती बसते आणि मी बाजूला चष्मा पुसत प्रूफ वाचतो. लोकांना वाटतं, सुनेला दुकानात बसवलं. खरं तर तिनं मला बसू दिलंय.

कार्डंही आखूड होत गेली. आधी 'निमंत्रक' म्हणून चुलते, मामा, आत्याचे यजमान असे दोन रांगांत उभे असायचे. एकाचं नाव राहिलं म्हणून मांडवातून उठून गेलेले मामा मी पाहिलेत. पुढं मामा गळाले, मग आत्याचे यजमान. कागदाची बचत होते म्हणून मी मनात हरकत घेतली नाही. मग कागदच गळाला. आता कार्ड फोनवर येतं, त्यात गाणं वाजतं आणि फुलं पडतात.

अण्णा गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. गेल्या महिन्यात त्याचं लग्न ठरलं. मी मनातल्या मनात कार्ड जुळवून ठेवलं होतं. वर लिंगैक्य आजोबा, आजी, वडील, आई, अण्णा. खाली माझी वहिनी, आणि तिच्याखाली निमंत्रक म्हणून मी. घरातला मोठा आता मीच. पण मोठा म्हणवून घ्यायला माणूस घरात असावा लागतो. मी चाळीसहून जास्त वर्षं बाहेर. पेरणीला नाही, काढणीला नाही, अण्णाच्या आजारपणातसुद्धा दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परतीच्या बसची चौकशी करत बसलो. तेव्हा आपलं नाव कार्डावर येतंय का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. न विचारता आलं, तर जनवाड्यात आपण अजून आहोत. नाही आलं, तर आपण आळंदचेच. एवढीच गोष्ट होती, पण जेवताना घास हातात राहायचा.

आणि पुतण्याचा फोन आला. "काका, घरातल्या मोठ्यांची नावं बोलून पाठवा. लिहू नका, उगं त्रास. तुम्ही बोला, मशीन लिहून घेती."

मला इतका आनंद झाला की मी दुकानाच्या मागं जाऊन घसा साफ केला. मग फोन तोंडाजवळ धरून एकेक नाव सांगितलं. आजोबा, आजी, वडील, आई, अण्णा. इथं मी थांबलो. चांगला दोन श्वास थांबलो. माझ्या हिशेबानं ते थांबणं म्हणजेच रेघ होती. मग जरा हळू आवाजात, आपणच आपलं सांगायचं म्हणून लाजत, माझं नाव सांगितलं आणि बटण सोडलं.

कार्ड रविवारी घरच्या ग्रुपवर आलं. सनई वाजली, मोगरा पडला, आणि सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत माझं नाव दिसलं. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर, एवढं मोठं. अण्णाच्या शेजारी. मग चष्मा पुसून मी नावांच्या वरची ओळ वाचली. 'लिंगैक्य वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद'.

मशीननं सगळं बरोबर लिहून घेतलं होतं. एक काना चुकला नव्हता. फक्त गप्प बसणं तिला लिहिता आलं नव्हतं.

मी खाली बघितलं. रेघेखालची माणसं कुठं आहेत ते शोधलं. खाली नवरा-नवरीचा फोटो, त्या दोघांची नावं, आणि 'आम्ही दोघं तुमची वाट बघतोय' एवढंच. चुलते नाहीत, मामा नाहीत, वहिनीसुद्धा नाही. नव्या कार्डावर जिवंत नातेवाइकांना जागाच नव्हती. म्हणजे चूक सुधारली तर माझं नाव पुसलं जाणार, आणि नाव ठेवायचं तर मी मेलेलाच बरा.

ग्रुपवर धडाधड हात जोडलेले यायला लागले. लाल बदाम आले. वहिनीनं फुलांची परडी पाठवली. माझ्या सख्ख्या मुलानं दुबईतून अंगठा दाखवला. मी बायकोला फोन दाखवला. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं आणि म्हणाली, रंग चांगला हाय. सुनेला विचारलं, तर तो ग्रुप आपण केव्हाच मुका करून ठेवलाय, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मी 'मी आहे' असं टाईप केलं आणि पुसलं. मग 'मी अजून आहे' असं केलं. तेही पुसलं. लग्नघरात असली बातमी कुणी द्यावी आणि कशी द्यावी, हे अप्पांनी शिकवलं नव्हतं. शेवटी मीही हात जोडलेले पाठवून दिले. मेलेल्या माणसानं आपल्याच कार्डाला नमस्कार केला, आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी दुपारी बायकोचा फोन वाजला. ती पीठ मळत होती, म्हणून मी उचलला. जनवाड्याचा माझा शाळासोबती होता. आम्ही दोघांनी एकाच वर्षी शाळा सोडली, तो जनावरांमागं गेला. बायको त्याच्या गल्लीतली, तो तिला अक्का म्हणतो.

"अक्का," तो म्हणाला, आवाज बसलेला, "मी काय बोलू आता."

"अक्का न्हाई. मी हाय."

 पलीकडं म्हैस ओरडली.

"तू हायस व्हय?"

"हाय की."

"मग कार्डावर कामून तसं हाय?"

"चूक झालीय."

"सोमवारी गावच्या ग्रुपवर आलं, तवापासून वाचायलोय मी ते. एकेक अक्षर लावून. चार खेपा वाचलं. म्हटलं, मला वाचायला येत न्हाई म्हणून तसं दिसायलंय." मग त्याचा आवाज चढला. "मेलास तरी कळवायचं न्हाई व्हय रे? सकाळपासून जेवलो न्हाई मी. आता ह्या भाकरीचं काय करू?"

मी त्याला जेवायला सांगितलं. तो म्हणाला, आता जेवतो, आणि जाता जाता आणखी दोन शिव्या दिल्या. त्या मी मोजून घेतल्या. शिकलं-सवरलेलं सगळं खानदान असताना ते कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलेला हा एकच माणूस निघाला, तोही आठवीत शाळा सोडलेला.

त्याच्या शिव्यांनी मला धीर आला. मी पुतण्याला फोन लावला. पोरगं भलं आहे, कळल्यावर माफी मागायला लागलं. मग त्यानं माझाच आवाज मला ऐकवला. अण्णाचं नाव, मग गप्प, मग माझं. ऐकताना मलाही ती रेघ दिसली नाही.

"काका, आत्ताच्या आत्ता काढतो."

"काढून कुठं ठेवतोस?"

तो गप्प झाला. ह्या वेळची त्याची शांतता मात्र मला नीट ऐकू आली.

"खाली जागा न्हाई हो काका. डिझाइनच तसं हाय. आईचं बी नाव न्हाई."

मी म्हटलं, ठीक आहे. ते मी म्हणतोच. मग तो म्हणाला, फोनवरचं आता सगळीकडं गेलंय, ते काही परत येत नाही. पण देवापुढं आणि मठात ठेवायला कागदावरची पाच कार्डं लागतात, आईचा हट्ट आहे. "ती तुमच्याकडंच छापायची हायत. तेवढ्यात तुम्हाला पायजे तसं करा. तुम्हाला कोण विचारणार."

संध्याकाळी सुनेनं ते कार्ड मोठ्या पडद्यावर उघडलं आणि तेव्हा कुठं तिला दिसलं.  थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, रेघ मारू का?"

तिनं अण्णाच्या नावाखाली एक बारीक सोनेरी रेघ ओढली. फोटो थोडा लहान केला, नवरीच्या पदराला धक्का न लावता. रेघेखाली 'आपले नम्र' लिहून वहिनीचं नाव घातलं. तिच्याखाली माझं. मी म्हटलं, माझ्या बायकोचंही घाल. ती म्हणाली, घातलंय, आधीच. बघितलं तर बायकोचं नाव माझ्या वर होतं. मी एक कानाही हलवला नाही.

पण अप्पांचा नियम राहिला होता. प्रूफ गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय छापायचं नाही. पुतण्याला पाठवलं. फोन खाली ठेवेपर्यंत त्याचा अंगठा आला. एवढ्या वेळात माणूस ते उघडूसुद्धा शकत नाही, मग वाचणार कधी? मी सुनेला म्हटलं, थांब, छापू नको. आणि तेच प्रूफ जनवाड्याला, माझ्या सोबत्याला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळ गेली, काही नाही. दुपार गेली. तो वाचत असणार, एकेक अक्षर लावून. मी मशीनमध्ये कागद घालून बसलो होतो. सून दोनदा विचारून गेली.

पाच वाजता जनवाड्याचा फोन वाजला. ह्या खेपेला बायकोच्या नाही, माझ्या नंबरवर.