मोजणीला गेलेल्या बाबाचे किस्से

लहान मुलांचे शब्द मोजायला घरोघर गेलं, की शब्द थोडे आणि किस्से फार जमतात. भाषाविज्ञानात आयुष्य घालवलं, पण निवृत्तीनंतर हे काम हाती घेतल्यापासून मला नीट झोप नाही. चुकलो तर?

त्यात मेहकरचा सलीम. शिलाईचं दुकान. त्याची आलिया तिसऱ्या वर्षात आहे. घरात दादीजवळ उर्दू, दिवसभर शेजारच्या रुखमामावशीकडे मराठी. सलीमने मला गाठलं.

"सर, दोन भाषेनं पोरगी गोंधळून राह्यली, असं लोक म्हनतात. तुम्ही पाहा. म्हनाल तर मावशीकडे धाडनं बंद करतो!"

म्हणजे माझ्या एका शब्दावर त्या पोरीचं अर्धं घर तुटणार. मी "येतो" म्हणालो आणि मुद्दाम आधी दुसरी गावं घेतली.

*

सुलतानपूरला एका आईला आम्ही विचारत होतो, बाळ कोणकोणते शब्द बोलतं. शेजारी सासू. प्रत्येक शब्दाला सासूचं उत्तर ठरलेलं, "हाव, म्हनते!"

मला शंका आली. विचारलं, "आणि हेलिकॉप्टर?"

"हाव! कालच म्हनला!"

सासू चहा ठेवायला आत गेली. सून हळूच म्हणाली, "सर, अर्धे खोडा."

*

पिंपळगाव राजाला तर पोरगं नवे कपडे घालून, तेल लावून तयार! तिथे मुलांना चित्रं दाखवून नाव विचारायचं होतं. मी पिशवीत हात घातला, चित्र अजून बाहेरही आलं नव्हतं, तोच ते ओरडलं, "हत्ती!"

आधीच्या गावातल्या आत्याने चित्रांचा क्रम फोनवर कळवला होता. बापाने पाठ करून घेतला होता. मी चित्रं पिसली. चमचा दाखवला. "हत्ती!" बस दाखवली. "चमचा!"

माझ्या सहकारी नलिनीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, आपला पेपर फुटला!"

त्या हसत होत्या. मला घाम फुटला होता. आजवर अशी किती पोरं मी हुशार ठरवली असतील?

*

परतीच्या बसमध्ये आमचा वाद. मूल एकाजवळ 'मांजर' म्हणतं, दुसऱ्याजवळ 'बिल्ली'. हे दोन शब्द धरायचे की एक? एकच भाषा मोजली तर असं मूल उगाच मागे दिसतं. दोन्ही धरून बेरीज केली तर फुगलेलं दिसतं. मी तावातावाने बोलत होतो. कंडक्टर बराच वेळ ऐकत होता.

"काका, मांजर एकच हाय ना? मंग तिकीट बी एकच!"

सगळी बस हसली. मी मेहकर येईपर्यंत विचार करत राहिलो, की आलियाला कोणता हिशेब लावायचा.

*

शेवटी सलीमकडे गेलोच. आलिया मावशीकडे होती, म्हणून दादीला विचारायला सुरुवात केली.

"पाणी मागते?"

"नई."

"बिल्ली म्हणते?"

"कुछ नई बोलती, साब. एक लफ्ज नई."

सलीमचा चेहरा उतरला. मी फाइलमध्ये फुलीवर फुली मारत गेलो. कान तपासायला पाठवू? मावशीकडे जाणं थांबवा म्हणू?

नलिनीबाई दादीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि हसू दाबत बाहेर आल्या. "सर, मोजलेल्याला नजर लागते म्हणतात त्या. म्हणून सगळ्याला नाही!"

मागून दादी आली. बोटावर काजळ. तिने माझ्या फाइलवर एक ठसठशीत तीट लावली आणि निवांत बसली.

सुटलो म्हणावं, तर तसंही नाही. सुलतानपूरच्या आजीचं 'हाव' खोटं, हिचं 'नई' खोटं. खरं काय? सलीम माझ्या तोंडाकडे बघत होता. "सर, मंग? मावशीकडे बंद करू?"

मला शब्दच सुचेना.

तेवढ्यात रुखमामावशी आलियाला कडेवर घेऊन आली. पोरीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बराच वेळ वाट पाहिली. मग दादीकडे वळून विचारलं, "दादी, ये बाबा बोलते नई?"

दादीने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरीने तो बाजूला सारला आणि मावशीची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"मावशी, बाबाले बोलता येत न्हाई?"

"येते ना माय," मावशी म्हणाली, "लाजून राह्यले ते."