पहिली धार, शेवटची धार

भागाबाईंनी स्टीलची वाटी माझ्या टेबलावर आदळली. आतलं थोडं दूध माझ्या स्टेथोस्कोपवर उडालं.

"हे बगा म्याडम. ह्याला दूध म्हनायचं? वाटीचं बूड दिसतंय!"

दूध त्यांच्या सुनेचं होतं. सून सुप्रिया मागे उभी होती. छातीशी दोन महिन्यांची मुलगी आणि मान खाली. सासूबाईंच्या पिशवीतून पावडरच्या दुधाचा डबा डोकावत होता. निकाल घरीच लागला होता, महाडला माझ्या ओपीडीत त्या फक्त शिक्का मारून घ्यायला आल्या होत्या.

"आजपासून अंगावरचं बंद. डब्यातलं किती चमचे घालायचं तेवढं सांगा."

मी बालरोगतज्ज्ञ. असा तयार निकाल कुणी समोर आणून ठेवला की माझं डोकंच फिरतं. पण या बाईंना उडवून लावायची सोय नव्हती. रायगडाच्या रोपवेपाशी, हिरकणीवाडीत त्यांची दही-ताकाची टपरी, घरी म्हशी. दुधात बोट बुडवून पाणी किती घातलंय ते सांगतील अशी त्यांची ख्याती. त्या पातळ म्हणाल्या म्हणजे ते पातळच होतं. आणि पोरीचं वजनही खरंच रेंगाळलं होतं. वाढत होतं, पण पाय ओढत.

मी बाळाला तपासलं. ताप नाही, छाती साफ, अंगात तरतरी. मग प्रश्न सुरू केले.

"लघवी किती वेळा करते?"

"लंगोट वाळायला दोरी पुरत नाय," सुप्रिया म्हणाली.

"आणि शी?"

"हिरवी. फेस येतो. पोट गुडगुडतं. दिवसभर पितेय, तरी भुकेलीच."

म्हणजे दूध पुरेसं येत होतं आणि पोटात जातही होतं. मग वजन अडलं कुठे? अशा वेळी तपासण्यांची यादी लिहायच्या आधी मी एक साधी गोष्ट करते. आईला समोर बसवून पाजायला सांगते. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

सुप्रियाने पदर घेतला. पोरीने तोंड छान लावलं, गटागटा प्यायली. थोड्या वेळाने तिचा वेग मंदावला, डोळे अर्धवट मिटले, पण जबडा सावकाश चालूच होता. तेवढ्यात सुप्रियाने तिच्या तोंडाच्या कडेला बोट घालून तिला सोडवलं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं. पोरगी चिडून रडली.

"अगं, पीत होती की! का काढलंस?"

"ह्या बाजूचं पातळ हाय ना, म्याडम. वाटतं, त्या बाजूचं तरी बरं असंल." आणि तिचे डोळे भरले. "माजंच दूध वाईट. पोरीला काय लागतच नाय."

मला भयंकर वाईट वाटलं. पोरीवर जीव टाकणारी ही मुलगी स्वतःच्याच अंगाला दोष देत बसली होती.

आता थोडं दुधाबद्दल. आईचं दूध सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं नसतं. सुरुवातीचं पातळ, निळसर. त्याने तहान भागते, त्यात साखर असते. ते काही वाईट नव्हे, तेही बाळाला हवंच. बाळ पीत जातं, स्तन रिकामा होत जातो, तसं दुधातला स्निग्धांश, म्हणजे साय म्हणा ना, वाढत जातो. बाळाला बरीचशी ताकद त्यातून मिळते, वजन चढतं. सुप्रिया दोन्ही बाजूंची नुसती सुरुवातच पाजत होती. पोट भरायचं, जास्तीची साखर आतड्यात फेस करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा भूक.

हे सगळं मी सासूबाईंना समजावलं. त्यांनी हात झटकला.

"ते तुमचं पुस्तकातलं, म्याडम. मी जन्मभर दूध बगतेय."

"मग मला सांगा," माझाही आवाज चढला, "धार काढताना म्हशीची पहिली धार आणि शेवटची धार सारखीच असते?"

"काय तरीच! सारखी कशी असंल? शेवटचीच तर घट्ट. ती निपटून नाय काढली तर लोण्याला काय ऱ्हायलं?"

एवढं बोलून त्या थबकल्या. वाटीत पाहिलं. सुनेकडे पाहिलं.

"ही तर मी पयलीच काढलेली."

मी सुप्रियाला म्हटलं, पोरीला परत पहिल्या बाजूला घे आणि ती आपणहून सोडेपर्यंत हलवू नकोस. पोरगी पीत राहिली, मग तोंड उघडं टाकून गाढ झोपली. त्याच बाजूचे शेवटचे काही थेंब मी काचेच्या छोट्या बाटलीत काढून घेतले. पांढरंशुभ्र, दाट. भागाबाईंनी एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला.

"अगो बाय! साय हाय ही!"

मला वाटलं, आता सुनेची पाठ थोपटतील आणि उठतील. तशा त्या उठल्या नाहीत. बोट चोळत राहिल्या. मग कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, "म्याडम, रोपवेवरनं मानसं उतरली की टपरीवर झुंबड उडते. मी हिला हाक मारते, 'सुप्रिया, गलास भर!' ही पोरीला तशीच सोडवून येते. मागनं परत घेते ती दुसऱ्या बाजूला. म्हंजे पोरीच्या तोंडची साय मीच काढून घेत होते काय?"

असं स्वतःहून, सुनेसमोर, सासू म्हणते! ओपीडीत मी कितीतरी हुशार माणसं बघते. पण चूक कळल्याक्षणी ती स्वतःच्या पदरात घेणारं माणूस विरळा. मी मनातल्या मनात हात जोडले.

सल्ला एका वाक्याचा होता: पोरीला एक बाजू आपणहून सोडू दे, मग दुसरी दे. डबा पिशवीतच राहू दे, लागला तर मीच सांगेन. आठवड्याने वजन करू.

आठवड्याने काटा चांगला सरकला. पुढच्या खेपेला पोरीला गाल आले होते आणि सुप्रियाची मान वर.

त्यानंतर एका रविवारी पाहुण्यांना रायगड दाखवून खाली उतरले. ऊन मी म्हणत होतं. टपरीवर ही गर्दी! भागाबाई एकट्याच ग्लास भरत होत्या. मागे जुन्या लुगड्याचा आडोसा केला होता आणि आत खुर्चीवर सुप्रिया बसलेली दिसत होती.

पुढचा एक पर्यटक वैतागला. "मावशी, ती आत रिकामी बसलीये, तिला बोलवा की!"

"ती रिकामी नाय. पोरीला पाजतेय. पोट भरल्याबिगर उठायची नाय. घाई असंल तर पल्याड टपऱ्या हायेत."

कुणीही हललं नाही. मी ओळखीचं हसत जरा पुढे सरकले. "भागाबाई, एक ताक द्या ना पटकन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि रांगेचं शेपूट दाखवलं. "तुमीच सांगितलंय ना म्याडम? मंग थांबा."

घसा कोरडा पडेपर्यंत उन्हात उभी राहिले. डॉक्टरने सल्ला देताना एवढं लक्षात ठेवावं, एखादं माणूस तो खरोखर पाळतं.