इस्मेनियाच्या सात गाई आणि भिंतीपलीकडचा गळा

सान रुफिनो गावात आता दोन बँका आहेत, चार औषधांची दुकानं आहेत आणि मोठ्या रस्त्यावर एक सिग्नल आहे. मोटारसायकलवाले सोडून तो सगळे पाळतात. या मैदानी मुलखात तेल लागलं तेव्हा पहिलं तीन मजली हॉटेल झालं, भाताच्या गिरण्या आल्या तेव्हा दुसरं, आणि त्यानंतर हॉटेलं मोजायचं गावानं सोडून दिलं. पण अंगावर कितीही चरबी चढली तरी या गावाचा जन्म शेणातला. डोंगरापलीकडच्या बाजाराला निघालेले गुरांचे कळप इथे मुक्कामाला कोंडत, आणि त्या कोंडवाड्याभोवती अकरा घरं उठली. त्यातलं नववं घर, सगळे जिला मानानं दोन्या म्हणतात त्या इस्मेनियाचं, आणि गावात उरलेल्या शेवटच्या सात गाईही तिच्याच. सकाळी साडेसहाच्या आत त्या रस्ता ओलांडून चरायला गेल्या पाहिजेत, असा नगरपालिकेचा नियम आहे. गाई तो पाळतात.

तिच्या कोंडवाड्याच्या एका अंगाला सुपरमार्केटची पाठ आहे, दुसऱ्या अंगाला टायरवाल्याचं गॅरेज, आणि तिसऱ्या अंगाला विटांची भिंत. भिंतीपलीकडे रोसाल्बा राहते. सुपरमार्केटचं इस्मेनियाला काही वाटत नसे, टायरवाल्याचंही नाही. रोसाल्बा मात्र तिच्या डोळ्यांत खुपायची.

खुपायला कारण होतं, आणि ते गळ्यात होतं.

आमच्याकडे गाईला दावं धरून दूध काढायला कुणी ओढत नाही. ओढलं तर लोक हसतात. गाई फाटकाबाहेर, वासरं आतल्या आवारात. दूध काढणारी बाई फाटकाशी उभी राहून गाते आणि गाण्यात एकेकीचं नाव घेते. जिचं नाव घेतलं ती गाय पुढे येते, आणि त्याच नावाला तिचं वासरूही आतून धावत येतं, कारण आईचं नाव तेच त्याचंही. दोन घोट ओढून त्यानं पान्हा आणला की त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि मग बादली घेऊन बसायचं. नाव चुकलं तर गाय ढिम्म हलत नाही.

इस्मेनिया हे आठव्या वर्षी आईकडून शिकली. तिची आई एका बड्या जमीनदाराच्या चाळीस गाई तिघींच्या मदतीनं पिळायची. एकोणिसाव्या वर्षी इस्मेनियानं तिबेरियोशी लग्न केलं. तिबेरियो कळपापुढे गात चालणारा गुराखी. कळप त्याच्या मागे यायचा तो निव्वळ दया येऊन, असं ती अजून चारचौघांत सांगते. गळा होता तो इस्मेनियाचा. अकरा घरांच्या काळात तिचा पहिला सूर उठला की बायका कॉफीचं आधण ठेवत. रेडिओवाले एकदा यंत्र घेऊन आले होते, तेव्हा तिनं त्यांना दोन तास चिखलात उभं केलं, कारण गाईंची वेळ झाली नव्हती.

आणि या वर्षी फेब्रुवारीत राजधानीच्या डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. राहिली ती नुसती घसघस. इस्मेनियानं हार मानली नाही. फाटकाशी उभं राहून ती कुजबुजल्यासारखी नावं घ्यायची, आणि पहिला दिवस सोडला तर गाई यायच्या. एकेक करून, न चुकता. "आवाज कशाला लागतो?" ती तिबेरियोला म्हणायची. "माझ्या नुसत्या श्वासाला ओळखतात त्या." तिबेरियो वासरांच्या आवाराची आगळ काढत राहायचा.

फक्त नेमकी तीच वेळ साधून भिंतीपलीकडे रोसाल्बा गायला लागायची. इस्मेनियाचीच गाणी, इस्मेनियाच्याच गाईंची नावं. आठ वर्षांपूर्वी ही बाई मेकॅनिक नवऱ्यामागे डोंगरातून उतरली, गालांवर थंडीचा लाल रंग घेऊन. डोंगरातल्या माणसांना आम्ही मैदानातले 'गुआते' म्हणतो, आणि ते काही लाडानं म्हणत नाही. सकाळी नाक्यावर ती बटाट्याचं सूप विकते. तिनं आयुष्यात गाय कधी पिळली नव्हती. पण गळा असा स्वच्छ की टायरवालासुद्धा हातोडी खाली ठेवायचा. इस्मेनियाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "चोरटी," ती गाईच्या पोटाशी पुटपुटायची.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागातली लेइदी तिच्या दारात आली. गावाच्या वर्धापनदिनाला यंदा चौकात दूध काढण्याची गाणी होणार, ही बातमी इस्मेनियाच्या कानावर आधीच आली होती. तिनं लेइदीला खुर्ची दिली, तांदळाची बिस्किटं पुढे केली आणि मनातल्या मनात निळं पोलकं काढून त्याला इस्त्रीसुद्धा केली.

"दोन्या इस्मेनिया, एक विनंती होती. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."

"बोल बाई."

"तुमची एक गाय हवी होती."

"गाय?"

"आणि वासरू. म्हणजे रोसाल्बाबाई गातील, तेव्हा समोर गाय नको का? लोकांना खरं वाटलं पाहिजे."

"रोसाल्बा गाणार?"

"तुमचा गळा आता..." लेइदीनं बिस्किट उगाच हातात फिरवलं. "त्यांना सगळी गाणी येतात. तुमचीच आहेत म्हणतात त्या. माईकवरून तुमचं नाव घेणार आहोत आम्ही. गाईची मालकीण म्हणून."

गाईची मालकीण. हे दोन शब्द इस्मेनिया जेवणापर्यंत चघळत राहिली. तिचा हेवा साधा नव्हता. माझ्यापेक्षा तिच्याकडे जास्त आहे, एवढ्यावर तो भागत नव्हता. माझ्याकडचं उचलून तिच्या तोंडात घातलं, असं तिला वाटत होतं. आणि आता सगळ्या गावासमोर ते तिचंच ठरणार होतं. सूप विकणारी बाई उद्या सान रुफिनोचा आवाज होणार, आणि इस्मेनिया तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार.

"देतेस का गाय?" रात्रीच्या जेवणाला तिबेरियोनं विचारलं.

"देते. नावडती देते."

तिबेरियोनं चमचा खाली ठेवला. नावडती ही तांबडी, एका डोळ्याभोवती पांढरं असलेली गाय. सातांत सगळ्यात हेकट. गेल्या वर्षी तिनं जनावरांच्या डॉक्टरला कुंपणावरून फेकलं होतं. "दुसरी दे की. ढगाई दे, गरीब आहे बिचारी."

"मी काय द्यायचं ते मी ठरवीन."

गाय उसनी दिली की तिचं गाण्यातलं नाव सांगायचं, हा रिवाज आहे. त्यामुळे बुधवारी रोसाल्बा हात पुसत फाटकाशी आली. भिंतीमागून नावं ऐकू येतात, पण कुठलं नाव कुणाचं ते थोडंच दिसतं, असा इस्मेनियाचा हिशोब होता. तिनं तांबड्या गाईकडे बोट केलं आणि चेहऱ्यावर काही न दाखवता भलत्याच गाईचं नाव सांगितलं, "हिचं नाव रानफूल."

रोसाल्बानं गाईकडे पाहिलं, मग इस्मेनियाकडे. "रानफूल?"

"का, आवडलं नाही?"

"नाही, छान आहे," ती म्हणाली. "मेहेरबानी तुमची, दोन्या. मला गायला सांगितल्याला नऊ दिवस झाले, तेव्हापासून झोप नाही. तुमच्यासमोर गायचं म्हणजे भीती वाटते."

तेव्हा इस्मेनियाला क्षणभर लाज वाटली, हे मी सांगितलं नाही तर ते खोटं होईल. पण लाज बारीक होती आणि हेवा जाडजूड. खरं नाव तिनं सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी नऊला चौकात मंडप भरला. बँकेचे लोक, तेलवाले, हॉटेलांत उतरलेले पाहुणे, आणि जुन्या अकरा घरांतली उरलीसुरली म्हातारी माणसं. एका टोकाला नावडती उभी होती, दुसऱ्या टोकाला बांबूच्या आवारात तिचं वासरू. तिबेरियो टोपी हातात धरून वासरापाशी. लेइदीनं माईकवरून गाईच्या मालकिणीचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तितक्याच त्यांनी मंडपवाल्यालाही वाजवल्या होत्या.

निळं पोलकं घालून इस्मेनिया तिसऱ्या रांगेत बसली होती आणि वाट पाहत होती. गाय हलणार नाही. वासरू हलणार नाही. ही पुन्हा गाईल, पुन्हा गाईल, मग कुणीतरी हसेल. तिला ते हसू आधीच ऐकू येत होतं.

रोसाल्बानं पांढऱ्या घेराच्या स्कर्टला हात पुसले आणि लांब, उंच सूर लावला.

"पहाट उजळली गवतावरती, लेक तुझी भुकेली गं,
ये माझ्या मुकाट बाई, ये नावडते, ये गं..."

नावडतीनं कान टवकारले. मग ती माणसांच्या दोन रांगांमधून, कुणाकडे न बघता, थेट रोसाल्बापाशी चालत गेली. आवारातून वासरू सुटलं ते तिबेरियोच्या पायांत घुसूनच. पान्हा फुटला, आणि रोसाल्बा बसली. तिचा हात सराईत नव्हता, बादलीत निम्मं अन् स्कर्टवर निम्मं अशी धार पडत होती. पण गाय जागची हलली नाही. मंडप उभा राहिला. म्हाताऱ्यांपैकी दोघं रडत होते.

इस्मेनियानं तिबेरियोकडे पाहिलं. तो आपल्या टोपीच्या आतली शिवण तपासत होता.

गर्दी पांगल्यावर रोसाल्बा बादली घेऊन तिच्यासमोर आली. "दूध तुमचं आहे, दोन्या."

"नाव कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच सांगता रोज. त्या गाईला शिव्या देताना." ती हसली नाही. "आणि मी धुण्याच्या टाकीवर चढून गाते. दिसतं मला सगळं. नाहीतर कुणाला कधी बोलवायचं ते कसं कळणार?"

"तू कशाला बोलावशील माझ्या गाई?"

रोसाल्बा गोंधळली. तिनं आधी तिबेरियोकडे पाहिलं, मग बादलीकडे. "तुम्ही दवाखान्यातून आलात त्या पहिल्या दिवशी एकही गाय आत येईना. दोन तास हंबरत होत्या. तुमचे तिबेरियो भिंतीपाशी आले, म्हणाले, 'तू गा, तुला येतं.' तेव्हापासून मीच बोलावते. सहा महिने झाले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि चालतंय."

इस्मेनियानं पुन्हा तिबेरियोकडे पाहिलं; टोपी अजून त्याच्या हातातच होती.

"नाव चुकीचं सांगितलंत तेव्हा मला वाटलं, विसरला असाल," रोसाल्बा म्हणाली. "घरी गेल्यावर लक्षात आलं. गाईचं नाव तुम्ही कधी विसरत नाही." तिनं बादली खाली ठेवली आणि ती निघून गेली.

घरी इस्मेनियानं तिबेरियोला एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू भिंत दोन हात उंच केली असतीस," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

रविवारी उजाडताना इस्मेनिया फाटकाशी उभी राहिली. भिंतीपलीकडे झाडू चालल्याचा आवाज होता, गाणं नव्हतं. तिनं घसघसत्या श्वासात पहिलं नाव घेतलं. मग दुसरं. सातही गाई बाहेर उभ्या राहून तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. आत वासरं ओरडायला लागली. तिबेरियो आगळ धरून उभा होता. साडेसहाला अर्धा तास उरला होता.

ती भिंतीपाशी गेली आणि विटांना जवळजवळ तोंड लावून म्हणाली, "रोसाल्बा."

झाडू चालूच राहिला.

"खोटं नाव मी मुद्दाम सांगितलं. तुझं हसं व्हावं म्हणून."

झाडू थांबला. "माहीत आहे."

"मला तुझा हेवा वाटतो. काल वाटत होता आणि आत्ताही वाटतोय, तो काही जायचा नाही." तिला मध्येच दम घ्यावा लागला. "माझ्या गाईंच्या कासा दाटल्यात गं. एकटीनं नाही जमत मला."

पलीकडे बादली सरकल्याचा आणि कुणीतरी टाकीवर चढल्याचा आवाज आला. भिंतीच्या वर रोसाल्बाचं डोकं दिसलं, रुमाल बांधलेलं, डोळे सुजलेले.

"आधी कुणाला बोलावू?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगाल तिला."

आईनं शिकवल्यापासून आजवर कुठली गाय आधी यायची हे इस्मेनियानं दुसऱ्या कुणाला ठरवू दिलं नव्हतं. तिनं बादली उचलली, तिपाईवर बसली आणि गाईंकडे न बघता म्हणाली, "ज्या क्रमानं रोज बोलावतेस त्याच क्रमानं. त्यांना आता तीच सवय आहे."